प्रेसवाल्यांचे कान

१९७७, जानेवारीतला दुसरा शुक्रवार, सकाळी सात. चिंचवड, कंपनीचा दवाखाना. हजर: पुण्याच्या मेडिकल कॉलेजातले एक तरुण डॉक्टर, एम.डी.च्या प्रबंधासाठी, इंजिनिअरिंग कॉलेजातले एक लेक्चरर, आवाज मोजायचं यंत्र घेऊन, प्रेस शॉपचे फोरमन, त्यांच्या बेचाळीस कामगारांपैकी पहिले सहा, आणि मी, दवाखान्याची नर्स. गैरहजर: पर्सोनेल ऑफिसर. त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली होती आणि तेवढं पुरे, असं कळवलं होतं.

वार शुक्रवारच हवा होता. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. प्रेसपाशी, म्हणजे पत्र्यावर दिवसभर घाव घालणाऱ्या मशिनींपाशी, उभा राहिलेला माणूस एक दिवस घरी राहिला, तरच त्याच्या कानाची खरी तपासणी होते, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. लेक्चरर मशिनींचा आवाज मोजणार, डॉक्टर माणसांचे कान तपासणार, आणि दोन्ही आकडे कार्डांवर भोकं पाडून पुण्यातल्या कॉम्प्युटरला घालणार. कार्डावर नावाला जागा नव्हती, म्हणून प्रत्येकाला नंबर. कुठला नंबर कोणाचा, ही यादी एकाच ठिकाणी, माझ्या वहीत. काम संपलं की ज्याचा निकाल त्यालाच सांगायचा, दुसऱ्या कोणाला नाही, आणि तो मी सांगायचा. डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मी मान डोलावली. याद्या ठेवणं मला जमतं.

शांत खोली कारखान्यात नव्हतीच. परदेशातून मशीन आलं होतं त्याचं लाकडी खोकं होतं, एक माणूस बसेल एवढं. त्याला आतून काथ्याच्या गाद्या आणि गोधड्या ठोकल्या, दार बसवलं, डॉक्टरांना आतला माणूस दिसावा म्हणून एक काच लावली. आत स्टूल. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि सूर ऐकू आला की बोट वर करायचं. मी आधी स्वतः बसून पाहिलं. दार लागल्यावर थोड्याच वेळात आपल्याच छातीचे ठोके ऐकू यायला लागले, अंगाला घाम फुटला, आणि मी आतून दार ठोठावलं. कामगारांना दार ठोठावायची सोय नव्हती. त्यांना फोरमननी पाठवलं होतं.

पहिल्या दोन शुक्रवारचे निकाल पाहून डॉक्टर काळजीत पडले. सगळ्यांचे कान ठणठणीत. तुलनेसाठी ऑफिसातले चार क्लार्क तपासले होते, त्यांचे उलट थोडे कमी निघाले. असं असेल तर प्रबंध लिहायचा कशावर, असं ते मला दोनदा म्हणाले.

तिसऱ्या शुक्रवारी चौदा नंबर आत गेला. चऱ्होलीचा जुना ऑपरेटर, कंपनी सुरू झाल्यापासून प्रेसवर. "डालग्याखाली कोंबडी झाकल्यागत करता की, शिस्टर," असं म्हणत त्यानं स्वतःच दार ओढून घेतलं. मला विजेच्या शेगडीवर सिरिंजा उकळायच्या होत्या, आणि तिची पिन लावायला जागा नव्हती. भिंतीवरच्या बोर्डातून मी टेबलावरच्या दिव्याची समजून एक पिन काढली, ती तपासणीच्या मशीनची निघाली. मशीनचा लाल दिवा विझला. डॉक्टरांचं लक्ष काचेकडे. ते बटण फिरवत होते, आणि आत चौदा नंबर दर वेळी, अगदी बरोबर वेळेला, बोट वर करत होता.

मग माझ्या लक्षात आलं. प्रेस शॉपमध्ये कोणी कोणाचं ऐकत नाही, सगळे बघतात. ओठ बघतात, हात बघतात, दोन मशिनी सोडून उभ्या असलेल्या माणसाशी गावच्या जत्रेच्या गप्पा मारतात. बटण फिरवताना डॉक्टरांचा खांदा किंचित खाली जायचा. आमचे लोक तो खांदा बघत होते. लबाडी म्हणून नाही. कामावर जे रोज करतात तेच इथे केलं.

मी पिन परत लावली आणि म्हणाले, "डॉक्टर, स्टूल फिरवा."

स्टूल फिरवलं. आता चौदा नंबरची पाठ काचेकडे आणि तोंड गोधडीकडे. डॉक्टरांनी बटण फिरवलं. बोट गुडघ्यावरच राहिलं. आवाज वाढवला, आणखी वाढवला. फार उशिरा बोट जरासं हललं. बाहेर येऊन त्यानं गळ्याचा घाम पुसला.

"चालू करायला इसरलात का काय? उगं बसवून ठिवलं मला."

निकाल काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा सगळ्यांचे शेवटी एकदम सांगणार असं मी सांगितलं.

आधीच्यांची तपासणी पुन्हा झाली, पुढच्यांची पाठमोरी झाली. मार्चअखेर काम संपलं. डॉक्टरांना हवे होते तसे आकडे मिळाले. बारीक, चिरके आवाज आधी जातात, मग हळूहळू बोलणं जातं, आणि गेलं ते परत येत नाही, असं त्यांनी मला कागदावर रेघ काढून समजावलं. निकाल सांगायला मी पुढचा सोमवार धरला होता.

शनिवारी पर्सोनेल ऑफिसरनी बोलावलं. नंबरांची यादी हवी होती. ज्यांचे कान गेलेत त्यांना शांत खात्यात हलवू, त्यांच्याच भल्याचं आहे, असं ते म्हणाले. कदाचित मनापासून म्हणाले असतील. पण माझ्या कपाटात आणखी एक यादी होती. नजर कमी झालेल्या दोघांना आदल्या वर्षी असंच भल्यासाठी पॅकिंगला हलवलं होतं. सहा महिन्यांत पॅकिंगमधल्या जागा कमी झाल्या आणि दोघंही घरी बसले. त्यांच्या नजरेची नोंद मीच केली होती.

डॉक्टरांना फोन लावला. "सिस्टर, माझ्याकडे फक्त नंबर आहेत," ते म्हणाले. "नावं तुमच्याकडे."

मी माझ्या पद्धतीनं पर्याय लिहून काढले. यादी द्यायची: माणसं जातील. नाही म्हणायचं: वही कंपनीची आहे, ते कपाट उघडून नेतील. नंबर उलटसुलट करायचे: धडधाकट माणसाच्या माथी बहिरेपण बसेल. यादी जाळायची: मग कोणालाच त्याचा निकाल सांगता येणार नाही, कारण बेचाळीस नंबर पाठ नाहीत, आणि नक्कल ठेवली तर पहिला निकाल सांगताच ती उघडी पडेल. आणि पाचवं काही सुचेना. स्टूल फिरवा असं मी म्हणाले नसते तर हा कागदच झाला नसता, हेही खाली लिहिलं आणि खोडलं.

सोमवारी सकाळी वापरलेली बँडेजं जाळायच्या पिंपात ती चार पानं गेली. हरवली, असं मी ऑफिसरना सांगितलं.

"तुमच्याकडून, सिस्टर? यादी हरवली?"

निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाईलमध्ये आहे, नोकरीतली एकुलती एक.

कामगारांना मी एकेकाला सांगितलं, पुण्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्या. त्यासाठी कोणी खाडा केल्याचं माझ्या माहितीत नाही. कापसाचे बोळे देते. निम्मे लोक फेकून देतात, बोळ्यानं कान खाजतो म्हणून.

एक नंबर मात्र पाठ राहिला, चौदा. त्याची रेघ मी पाहिली होती, सगळ्यांत खाली गेलेली. त्याच्या मशीनवरून क्रेन डाय, म्हणजे जड लोखंडी साचा, घेऊन जाते, जाण्याआधी घंटा वाजते, आणि ती घंटा बारीक आवाजाची आहे. क्रेनला दिवा लावा, असं मी फोरमनना दोनदा सांगितलं. घंटा असताना दिवा कशाला, असं उत्तर मिळालं. त्याला सांगावं, तर तो खातं बदलून मागणार. तुला कोणी सांगितलं, असं ऑफिसर विचारणार. मग यादी हरवलेली नाही हे उघड होणार, आणि बाकीचे एक्केचाळीस माझ्या दारात उभे राहणार, त्यांना सांगायला माझ्याकडे काही नाही. त्यानं तीनदा विचारलं. नंतर विचारणं सोडलं.

गेल्या महिन्यात, म्हणजे जवळपास पाच वर्षांनी, तो कापलेलं बोट घेऊन आला. खोलीत दोघंच होतो. आयोडीन घ्यायला मी कपाटाकडे वळले आणि बाटल्यांकडे बघत सांगून टाकलं, तुमचे कान गेलेत, क्रेनकडे पाठ करून उभे राहू नका. वळून पाहिलं तर तो बोटाला फुंकर घालत होता.

वर्ष बदललं की राहिलेली कामं मी नव्या वहीत उतरवते. १९८२ च्या वहीत पहिल्या पानावर हे एकच आहे: चौदा नंबरला निकाल सांगणे. समोर बसून.