चार आकड्यांपुरता बबन

सुहासने बबनला फसवलं. दोघेही माझ्याच बँडमधले.

बँडचं नाव 'धनुर्वात'. कॉलेजात असताना आम्ही पंक रॉक करायला घेतलं, तेव्हा सूर तीनच येत होते. राग मात्र भरपूर होता. सुहास गायचा, मी बेस गिटार वाजवायचो आणि ड्रमवर पौडापुढच्या माले गावचा बबन. बसण्याआधी तो चपला काढून बाजूला जोडीने ठेवायचा, देवळात आल्यासारखा. मग काठ्या आपटून ओरडायचा, "एक, दोन, तीन, चार!" आणि तिसऱ्या ओळीला हमखास आमच्या पुढे पळायचा. मी तीस वर्षं शिव्या देत त्याच्या मागे धावलो.

"गाणं पळतंय तर पळू दे की, शेठ," तो म्हणायचा. "तुला काय हितं सिमेंट उतरवायचंय?"

पौडातलं माझं सिमेंटचं दुकान मी शून्यातून उभं केलंय. कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. बबनचं ऐकायचो.

यंदा नवा अल्बम करायचं ठरलं, तोवर त्याचे हात कापायला लागले होते. हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायचा, तीही सुटली. "एवढा अल्बम हातून होऊ दे," तो म्हणायचा, "मग काठ्या घालतो चुलीत."

माझ्या रिकाम्या पोल्ट्रीत दहा दिवस रेकॉर्डिंग चाललं. तिसऱ्या दिवशी वायरी गुंडाळताना मला दिसलं, ड्रमपुढचे माईक नुसते उभे होते. एकही वायर कशाला जोडलेली नव्हती.

"ड्रम कॉम्प्युटरवर आधीच करून ठेवलेत," सुहास म्हणाला. "त्याचे हात बघतोयस ना?"

"मग सांग त्याला."

"तू सांग. भाव करताना तर तुझी जीभ फार चालते."

मी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात टॉवेलने मान पुसत बबन आत आला.

"कसं झालं रं?"

"भारी, बब्या!" सुहास म्हणाला.

बबन माझ्याकडे बघत राहिला. मी कॉलर सोडली.

"भारी," मी म्हणालो.

पुढचे सात दिवस तो घामाने निथळत वाजवत होता. फोड फुटले की फडकं बांधायचा आणि पुन्हा बसायचा.

अल्बम आला तो त्याने माझ्या दुकानात ऐकला. सुरुवातीचं ओरडणं त्याचंच होतं. तेवढं सुहासने गाण्याच्या माईकवर पकडून ठेवलं होतं. "एक, दोन, तीन, चार!" बबन हसला. तिसरी ओळ आली तशी त्याने मान पुढे काढली. गाणं पळालं नाही.

"ह्यो मी न्हाई."

तरी त्याने सगळी गाणी ऐकली. मग म्हणाला, "म्हंजी माझे आकडेच घेतले व्हय? तुला ठावं हुतं, शेठ?"

चहा तसाच ठेवून तो गेला. पुन्हा दुकानात आला नाही. दोन महिन्यांनी वारला.

शोकसभेत सुहासने तेच गाणं लावलं. लोक म्हणाले, शेवटपर्यंत काय हात होता माणसाचा! बबनची बायको, शेवंतावहिनी, उठून बाहेर गेली.

सुहास, मी 'भारी' का म्हणालो, ते मी वहिनींना सांगून आलो. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. आता तू मालेला ये. त्याच दारासमोर उभा राहा आणि सांग, ते फुटलेले हात तू दहा दिवस कशासाठी चालवून घेतलेस?