वकीलसाहेबांच्या जुन्या गाद्या

हेडफोन दुरुस्त करणाऱ्या मावशींना दुसऱ्याच्या घामाची भारी किळस. कितीही महागडा हेडफोन येवो, कानांवरच्या गाद्या त्या आधी चिमट्याने उपटून कचऱ्यात टाकत, नव्या बसवत आणि मगच बिघाड शोधत. वकीलसाहेबांच्या हेडफोनचेही त्यांनी तेच केले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब तणतणत आले. "मावशी, आवाजाचा जीवच घेतलात! ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय. जुन्या गाद्या द्या, नाहीतर तुमच्या कानांची कीर्ती बाजारभर सांगतो."

"अहो, त्यांच्यावर मळाची पुटं चढली होती!"

"माझाच मळ ना? मग तुम्हाला का सलतो?"

आपल्या कानांना नावे ठेवलेली मावशींना खपत नसे. नाक मुरडत त्यांनी कचऱ्याची टोपली उपसली, त्या तेलकट गाद्या पुन्हा बसवल्या आणि पारखीचे नेहमीचे ढोलाचे गाणे लावून, श्वास रोखून हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला. गाद्या गालांना चिकटल्या. ओकारी येणार, तोच ढोल घुमला, भरदार, थेट पोटापर्यंत. नव्या गाद्यांत तो असा घुमलाच नव्हता.

"काय म्हणता?" वकीलसाहेबांनी विचारले.

"न्या हे तुमचं!" म्हणत मावशी नळाकडे धावल्या. साबणाने कान लाल होईस्तोवर घासले, पण तो आवाज आपल्याला आवडला याची किळस काही धुऊन जाईना.