सूचनेसह मंजूर

मीटिंगमध्ये मला झोप येत नाही. मी टक्क जागी असते आणि तरीही तिथे नसते. आमच्या पनवेलच्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाला एक मोठी काच आहे. समोरच्या इमारतींच्या फटीतून तिथे खाडीची एक अरुंद पट्टी दिसते. कुणी बोलायला उभं राहिलं की माझे डोळे आपोआप त्या पट्टीकडे जातात. ती कधी चिखलाची असते, कधी पाण्याची, आणि मधल्या वेळात काय काय ठराव झाले ते मला नंतर शेजाऱ्याला विचारावं लागतं.

आमचं कॉलेज स्वायत्त झाल्यापासून नवा विषय सुरू करायचा तर आम्हाला विद्यापीठात जावं लागत नाही. विद्यापीठच आपली माणसं पाठवून आमच्याकडे जेवायला येतं. आधी अभ्यास मंडळ बसतं, त्यात तो विषय जाणणारे असतात. त्याने हो म्हटलं की प्रकरण विद्वत परिषदेकडे जातं, आणि तिथे सगळे असतात. मी भूगोल विभागाची प्रमुख, म्हणून पहिल्यात अध्यक्ष आणि दुसरीत नुसती सदस्य. दोन्हीकडे एक अलिखित रिवाज आहे. आलेल्या प्रत्येकाने निदान एक सूचना करायची. सूचना न करता पानावर बसणं म्हणजे अक्षता न टाकता पंगत गाठणं. सूचना झाली की अध्यक्ष म्हणतात, 'सूचनेसह मंजूर', आणि ती विषयाला कायमची चिकटते. ती नको असेल तर हरकत घेता येते, पण मग अख्खा विषयच पुढच्या बैठकीवर जातो. म्हणून हरकत कुणी घेत नाही.

ज्या विषयाबद्दल सांगतेय तो माझा नव्हता. तो आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मुलीचा होता. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही कॉलेजचे, उरलेल्या वेळी कुणाचेच नाही. ती दुष्काळी माणदेशातली. कामोठ्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, खाली रिक्षांचा गलका आणि वर क्लासच्या पाट्या, अशा एका खोलीत आणखी मुलींबरोबर राहायची. आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मॅडम, खाडी आटली."

मी इतकी हसले की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. भूगोलात एम. ए. झालेली मुलगी, भरती-ओहोटीवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली, पण तिने आयुष्यात पाणी जाताना पाहिलं होतं ते फक्त विहिरीतून आणि तलावातून, आणि तिथून गेलेलं पाणी लवकर परत येत नाही. तिला खरोखर भीती वाटली होती. संध्याकाळी मी तिला खाडीवर घेऊन गेले. पाणी परतत होतं. खारफुटीच्या मुळांमधून, चिखलातल्या बारीक बारीक नाळांमधून ते आवाज न करता वर चढत होतं, आणि आपण बघतोय तोवर ते चढतच नाहीय असं वाटत होतं.  आकाशातून विमान खाली उतरत गेलं, तिने मान वर केली नाही.

मग तिने विचारलं, "रोज येतं?"

"दिवसातून दोनदा."

"आणि तुम्ही रोज बघायला येत नाही?"

 माझा जन्म खाडीकाठच्या गव्हाणचा. आमच्या लहानपणी पाणी अंगणाच्या खालच्या अंगाला येऊन जायचं, जशी शेजारीण डोकावून जाते. त्याच्याकडे कुणी मुद्दाम बघत नसे. पण त्या दिवसानंतर मी बघायला लागले. आम्ही दोघी कॉलेज सुटल्यावर चालत जायचो आणि कठड्यावर बसायचो. त्या संध्याकाळी आठवायला गेले तर एकमेकींत मिसळून जातात. कुठली आधीची, कुठली नंतरची, मला सांगता येत नाही. कुठल्या तरी एका संध्याकाळी ती म्हणाली की हे शिकवायला हवं, आणि मी हो म्हटलं.

आईने मात्र नाक मुरडलं. "त्याच्यान शिकवाचा काय हाय? पानी येतं नि पानी जातं." पण ती मुलगी घरी आली की आईच तिला तिथीवरून भरतीची वेळ काढून दाखवायची, पुनवेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी सगळ्यांत कमी चढतं तो दिवस, समजावायची. मी हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. ती मुलगी तोंडाचा आ करून ऐकायची, आणि आई तेवढ्यावर खूश होऊन तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही.

तिला हा विषय हवा होता त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते आम्हा दोघींनाही पक्कं माहीत होतं. नव्या रचनेत आमच्या विभागाचा एक जुना पेपर बाद होत होता. त्याचेच तास ती घ्यायची. आता प्रत्येक कॉलेजने आपल्या परिसरावर एखादा छोटा, दोन क्रेडिटचा विषय बनवावा असं वरून आलं होतं. हा विषय मंजूर झाला तर त्याचे तास तिला मिळणार होते आणि ती पनवेलला राहणार होती. नाही झाला तर जूनमध्ये खोली सोडून गावी. तिचे वडील दर फोनला एकच विचारायचे, कायम कधी होणार. ती म्हणायची, होईल. 

अभ्यासक्रम तिनेच लिहिला. अभ्यासक्रम लिहायची आमची एक तऱ्हा आहे. शेवटी विद्यार्थ्याला काय येईल ते लिहायचं, आणि ते ठरावीक क्रियापदांतच लिहायचं. 'समजेल' चालत नाही, कारण समजणं मोजता येत नाही म्हणे. 'ओळखू शकेल' चालतं, 'वर्गीकरण करू शकेल' चालतं. तिने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थी भरतीची वाट बघू शकेल.' मी ते खोडलं.

"मॅडम, हेच तर शिकवायचंय," ती म्हणाली.

"शिकव की. पण लिहू नकोस. वाट बघण्याला गुण कसे देणार?"

तिने निमूटपणे 'निरीक्षण करू शकेल' असं केलं. मला वाईट वाटलं, पण आपली माणसं मी ओळखून होते.

अभ्यास मंडळाची बैठक झाली आणि सूचना आल्या. शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या प्राध्यापकांनी सांगितलं, थोडं आंतरराष्ट्रीय घाला. मग आमच्या खाडीत हॉलंडचे बांध आले. उद्योगक्षेत्राचे म्हणून आलेले गृहस्थ गोदामांच्या धंद्यातले होते, त्यांनी कौशल्य घालायला सांगितलं. मग पर्यटकांना खाडी कशी दाखवावी यावर एक भाग आला. माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून जो बसला होता तो इथल्याच गावातला, आता मोठा बिल्डर. तो बैठकभर मोबाईलवर होता. त्याच्यापाशी वळण आलं तेव्हा त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"आमची खार कुठं होती ती बी पोरांना दाखवा मॅडम. थोरी मीच भरलीय. मी येतो दाखवाया."

खार म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली भातजमीन, तिच्यावर भराव टाकूनच त्याच्या इमारती उभ्या होत्या. सगळे हसले आणि तोही हसला. पण त्याने ते मनापासून म्हटलं होतं, आणि सगळ्यांत कामाची सूचना त्याचीच होती. सूचनांसह विषय मंजूर झाला. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कठड्यावर बसून भेळ खाल्ली. हॉलंडला नेऊन दाखवा म्हणून विद्यार्थी अडून बसले तर काय करायचं, यावर ती पोट धरून हसत होती.

विद्वत परिषद उन्हाळ्यात भरली. ती सदस्य नव्हती, पण पडद्यावर चित्रं दाखवायला कुणीतरी लागतं म्हणून तिला लॅपटॉपपाशी बसवलं होतं. अशा माणसाने बैठकीत बोलायचं नसतं. पडदे ओढून दिवे मालवले. मी चार शब्द बोलले आणि गप्प झाले, कारण तिने काढलेले फोटो सुरू झाले होते. एकाच जागेवर उभं राहून तिने ओहोटीपासून भरतीपर्यंत टिपलेलं पाणी. चिखल, मग चिखलात एक चकाकती रेघ, मग ती रेघ रुंद होत जाते, मग खारफुटी गुडघाभर, मग कमरेपर्यंत. एसीच्या गारव्यात त्या निळसर उजेडात सगळ्यांचे चेहरे मऊ झाले होते. वाणिज्यवाले, संगणकवाले, परीक्षा विभागाचे, सगळे तोंड मिटून बघत होते. मला वाटलं, पाणी पडद्यावरून उतरून टेबलांच्या पायांपाशी आलंय, आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नाहीय. मी चपला किंचित वर उचलल्याही असतील. इतकी वर्षं मी त्या खोलीत बसून खाडीकडे पळून जात होते. त्या दिवशी खाडीच आत आली होती, आणि ती आणणारी मुलगी अंधारात लॅपटॉपशी बसून बटणं दाबत होती.

दिवे लागले. विद्यापीठाने पाठवलेले एक निवृत्त प्राचार्य चष्मा पुसत होते. ते किनाऱ्यावरच वाढलेले. आपल्या गावच्या खाडीबद्दल ते बोलले आणि छान बोलले. म्हणाले, असा विषय मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. मला आनंद झाला. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने मान खाली घातली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"फक्त एक सूचना," ते म्हणाले. "इतका चांगला विषय तात्पुरत्या शिक्षकांवर सोडू नका. आज आहेत, उद्या नाहीत. मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकानेच तो शिकवावा, अशी अट घाला."

दोन-तीन माना डोलल्या. मी उठले. म्हटलं, "सर, हा विषय या मुलीनेच बनवलाय. हे फोटोसुद्धा तिचेच."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, अगदी कौतुकाने. "म्हणूनच म्हणतो मॅडम. बाई उद्या गेल्या तर विषय बंद पडेल. त्यांच्या कामाची राखण व्हायला नको का?"

त्यांच्या मनात कसलंही पाप नव्हतं. मी पुष्कळ शोधलं, अजून शोधते, सापडत नाही. कुणी वाईट वागलं असतं तर मला चार लोकांत भांडता तरी आलं असतं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, ही अट आम्हाला मान्य नाही. आमचे प्राचार्य अध्यक्ष होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा का?" पुढची बैठक प्रवेश संपल्यावर. म्हणजे या वर्षी विषय नाही, तास नाहीत, आणि जूनमध्ये तिला जायचंच. अट ठेवली तर विषय राहत होता आणि ती जात होती. अट काढायला गेलं तर दोघंही जात होते. मी उभीच राहिले. 

"होऊ द्या मॅडम," लॅपटॉपपाशी बसलेली ती म्हणाली.

तिने बोलायचं नव्हतं. पण कुणी तिला अडवलं नाही. प्राचार्य म्हणाले, "सूचनेसह मंजूर," आणि पुढचा विषय घेतला. तो वाणिज्य शाखेचा होता. त्याचे तक्ते पडद्यावर लावायला तीच होती, आणि तिने एकही तक्ता मागेपुढे केला नाही.

जूनमध्ये ती गेली. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. मी प्राचार्यांकडे दोनदा जाऊन आले, विद्यापीठात फोन केले, तिला दुसरीकडे कुठे तास मिळतात का ते पाहिलं, हे सगळं तिला सांगत होते. ती म्हणाली, "मॅडम, आता बास." मग आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. गाडी लागली, तिने खिडकीतून हात केला, आणि मी रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे फिरवला.

विषयाचे तास माझ्याकडे आले. नियमाने दुसऱ्या कुणाकडे जाणारच नव्हते.

जुलैत पहिला तास होता. वर्ग भरलेला. सगळ्या शाखांची मुलं, अर्धी पनवेलची, काही उरणच्या बाजूची, एक मुलगी चिरनेरहून येणारी. अभ्यासक्रमाचं पहिलं पान मी पडद्यावर लावलं. त्यावर अभ्यास मंडळाची आणि ज्यांची सूचना घेतली त्यांची नावं असतात. सर्वांत वर माझं, मग हॉलंडवाल्या प्राध्यापकांचं, गोदामवाल्यांचं, बिल्डरचं, निवृत्त प्राचार्यांचं. बाकी कुणाचं असायची पद्धत नाही.

एकाने विचारलं, "मॅडम, हा विषय तुम्ही बनवला?"

"नाही," मी म्हटलं.

मी प्रोजेक्टर बंद केला. खडू घेतला आणि फळ्यावर तिचं नाव लिहिलं, तिच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. मुलांनी वह्या काढल्या आणि ते उतरवून घेतलं. त्यांना ते लेखकाचं नाव वाटलं असेल, किंवा एखाद्या जागेचं. मी खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

मी म्हटलं, "आहे."