नागरवाड्यातली अगासी आणि माझी पितळी पाटी

"चपला काढा भाऊजी, आधी चपला!" मेव्हणी जिन्याखालून अशी ओरडली की मांडवीच्या दरवाज्यावरची कबुतरं उडाली असणार. मी चपलांसकट तिच्या अगाशीवर (गच्चीवर) उभा होतो. कसा चढलो, ते सांगतो.

बडोद्याला मी आलो होतो जिंकायला. पुण्यात आमच्या नव्या इमारतीच्या दाराशी 'ग्रीन बिल्डिंग' अशी पितळी पाटी आहे. दिवाणखान्याला पश्चिमेकडून अख्खी काच. मे महिन्यात तिच्यावर मी पापड भाजलेत. बायको एसी मागत होती. ग्रीन इमारतीत एसी म्हणजे एकादशीला कोंबडी, असं मी ठणकावलं. ती म्हणाली, माझ्या बहिणीच्या, वैशूच्या घरी जाऊन ताडून बघू, तिचं घर गार निघालं तर मी तिथेच राहीन. मी थर्मामीटर पिशवीत टाकला.

स्टेशनवर उतरलो तर रिक्षाची सावलीसुद्धा रिक्षाखाली दबून बसलेली. खंडेराव मार्केटात केसर आंबे घेतले. नागरवाडा येईपर्यंत पिशवीतच आमरस तयार.

मेव्हणीचे यजमान वसंतराव, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. जुनं घर दुरुस्त करताना त्यांनी भिंतींना सिमेंट लावू दिलं नाही, चुनाच लावला. आत पाऊल टाकलं आणि मला चक्क शिंक आली. भर दुपारी मधल्या खोलीत थर्मामीटर टांगला. आमच्या दिवाणखान्यापेक्षा आठ अंश कमी. मी तो झटकला, उलटा टांगला, त्याच्या कंपनीचा उद्धार केला. बायको तोवर पंख्याशिवाय घोरू लागली होती.

कुठेतरी लबाडी असणार, म्हणून मी चपला अडकवून वर धावलो. अगाशीभर पांढऱ्या फरशीचे फुटके तुकडे जडवलेले. ऊन आल्या पावली परत जात होतं. पाऊस आठवड्यावर आलेला. इथलं पावसाचं पाणी नळीनं चौकाखालच्या टांक्यात (भुयारी हौदात) उतरतं आणि वर्षभर घरात तेच पितात. म्हणून वसंतरावांनी सकाळीच अगासी घासून काढली होती. माझ्या चपलांचे ठसे त्यांनी न रागावता पुन्हा धुतले. ते जास्त झोंबलं.

"तुम्हाला कुठली पाटी मिळाली?" मी खवचटपणे विचारलं.

"आहे ने साडूभाऊ. जिन्याशी. 'चपला इथे काढा.'"

संध्याकाळी टांक्याचं पाणी प्यायलो. इतकं गोड की त्यात एखादा बेडूक तरी निघू दे, असा मी नवस बोललो. निघाला नाही. सकाळी बायको अनवाणी, पदर खोचून, अगाशीवर खराटा मारत होती. माझ्या घरी तिनं इतक्या आनंदानं कधी काही झाडलेलं नाही.

पुण्याला एकटाच परतलो. पाटीला हात लावला तर चटका बसला. इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांवर आणि पगारांवर जळलो; कुणाच्या भिंतीवर जळेन असं वाटलं नव्हतं. शेवटी एसीवाल्याला बोलावलं आणि बढाईनं बायकोला फोन केला: बसवून घेतला, आता कधी येतेस?

"टांकं भरलं की," ती म्हणाली.