मांडीवरची लाख

माझ्या सांगलीच्या वकीलमित्राचं पत्र आलं आणि मी शाळेत रजा टाकून अमरावतीहून निघालो. साताऱ्याजवळच्या एका निवृत्त सुभेदारांकडे लाल 'सिंध डाक' तिकीट आहे, तेही मूळ पाकिटावर, असं त्याने लिहिलं होतं. सांगलीत तो जुन्या टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरवत होता. मलाही तिकिटं जमवायचा नाद, म्हणून ते तिकीट सुखरूप तिथवर आणायचं काम माझं.

साताऱ्यात उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर कोवळं ऊन आलं होतं. टांगा करून गाव गाठलं. पिकल्या मिशांचे सुभेदार अंगणातच उभे होते. त्यांच्या पत्नी तानूबाई यांनी आधी भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुभेदार हसले, "मास्तर, आमच्याकडं असंच आसतंय!"

जेवणं झाल्यावर तानूबाईंनी धान्याच्या खोलीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. कापसाचे थर बाजूला केले. आत पाकीट होतं आणि त्यावर शेंदरी लाल, वाटोळं, उठावाच्या नक्षीचं तिकीट.

नुसतं जुनं म्हणून तिकिटाचं मोल चढत नाही. सिंध डाक ही आशिया खंडातली पहिली तिकिटं. त्यातली ही लाल तिकिटं पत्रं मोहरबंद करायच्या लाखेची. पापडासारखी ठिसूळ. पाकीट जरा दुमडलं की तडकायची, म्हणून लवकरच बंद झाली. जी उरली त्यांतली धड अशी फारच थोडी. आणि इथे तर शिक्क्याची काळी शाई तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर उतरलेली दिसत होती, म्हणजे तिकीट मुळापासून याच पाकिटावरचं.

"माझा आजा सिंधात पलटणीत होता," सुभेदार म्हणाले. "तिथनं धाडलेलं हाय. तो काय परत आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे सर्व्हिस मोटारीने निघालो. डबा तानूबाईंनी कुणाच्या हाती दिला नाही. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पेट्रोल मिळेना, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. नागठाण्याच्या पुढे एका चढावर तिने दम सोडला. सगळे ढकलायला उतरले. तानूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, उतरा की!" ड्रायव्हर ओरडला.

"मी न्हाई उतरायची. मांडीवर लाख हाय माझ्या!"

ढकलणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक पागोटेवाले हळूच मला म्हणाले, "पावनं, लाखभर रुपये असं उघड्यावर न्यायचे आसत्यात व्हय?" सुभेदारांनी खुलासा केला, पण कुणाचा विश्वास बसलेला दिसला नाही. कराडपर्यंत लोक अंग चोरून बसले आणि बाईंना ऐसपैस जागा मिळाली. कराडला चहा-भजी झाली. पुढे उसाचे मळे लागले, प्रत्येक खड्ड्याला माझा जीव खाली-वर. संध्याकाळी सांगलीत शिरताच हळदीचा वास आला.

वकिलांच्या दिवाणखान्यात डबा उघडला. तिकीट अखंड! मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण वकिलांच्या कपाळावर आठी पडली.

"इतकं धड? इतक्या वर्षांत एक चीर नाही? खोटी तिकिटंही निघतात, सुभेदार."

सुभेदारांचा चेहरा उतरला. "खोटं आसंल तर हितंच जाळा," ते म्हणाले.

वकिलांनी भिंग लावलं. उठाव पाहिला, शिक्का पाहिला, लाखेची कड पाहिली. पाकीट दिव्यासमोर धरलं. मग ते उठले आणि त्यांनी सुभेदारांना हात जोडले. "अस्सल आहे. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं."

सकाळी काचेच्या पेटीत तिकीट ठेवलं. खाली पुठ्ठ्यावर सुभेदारांचं नाव. ते वाचून सुभेदार म्हणाले, "हे खोडा."

वकील गोंधळले. "कालचा राग आला का?"

"राग न्हाई. आजा धाडून मोकळा झाला. बाप पलटणीत, मी पलटणीत. घरी ऱ्हायलं कोण? आजी, मग आई, मग ही. चुलीची धग लागू दिली न्हाई, उंदीर शिवू दिला न्हाई. त्यांची नावं लिवा."

"आवं, माझं कशाला?" तानूबाई पुटपुटल्या.

वकिलांनी नावं विचारली आणि नव्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'हे तिकीट जपणाऱ्या: सखूबाई, राधाबाई, तानूबाई.'

तानूबाईंना वाचता येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यातलं माझं कंचं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पदर सारखा केला आणि पेटीशेजारी उभ्या राहिल्या, त्या दिवेलागणीपर्यंत. शहरातले प्रतिष्ठित आले, कॉलेजचे प्राध्यापक आले. येईल त्याला त्या ताठ मानेने सांगत होत्या, "तिसरं नाव माझं."

परतीच्या गाडीत मला माझा संग्रह आठवत राहिला. कागद, शाई, शिक्का, कडा, सगळं मला तोंडपाठ आहे. पण माझ्या हाती येण्याआधी ती तिकिटं कुणी सांभाळली, हे मी एकालाही विचारलेलं नव्हतं. आता विचारतो. आणि कुणी सिंध डाकचा विषय काढला, की मी आधी त्या तिघींची नावं सांगतो.