आधी एक घाव घालून दाखवा

ये, अशी जवळ बस. दारातूनच "काकू, ऐरण कुठे गेली?" म्हणून ओरडायची ही काय पद्धत झाली? इतक्या दिवसांनी उगवलीस, आणि माझ्याआधी ऐरणीची चौकशी! तुझ्या बापानं तुला सांगितलं असेल, पण निम्मं गिळून. उरलेलं माझ्याकडून ऐक.

तुझे काका गेले आणि द्वारका चौकाजवळची आपली भट्टी बंद झाली. मुलं कंपनीत लागलेली. त्यांना भट्टीच्या धुरानं शिंका येतात. जागा रिकामी करायची होती. बाकीचं सामान गेलं, ऐरण राहिली. काकांनी तापलेलं लोखंड तिच्यावर धरायचं आणि मी घण घालायचा, असा आमचा संसार. तिला भंगारात देणार नव्हते, आणि शोभेलाही नाही. जिथे रोज घाव पडतील तिथेच ती जाईल, एवढा माझा हट्ट.

ऐरण द्यायची आहे म्हटल्यावर, खंडेनवमीच्या पूजेला कधी न फिरकलेली माणसं गोळा झाली. पहिला तुझा बाप.

"वहिनी, बंगल्याच्या दारात ठेवतो. वरून दिवा सोडतो. घराण्याची आठवण!"

घराण्याची! स्वतःचं लग्न जमवताना 'आमचं हार्डवेअरचं दुकान आहे' म्हणून सांगणारा हाच. मी म्हटलं, "न्या की भावजी. आधी एक घाव घालून दाखवा." घण गुडघ्यापर्यंत आला आणि साहेबांच्या कंबरेत लचक भरली. वर मलाच शेक द्यायला लावला.

मग त्र्यंबक रस्त्यावरचा हॉटेलवाला. त्याला ती सोनेरी रंगवून बैलगाडीच्या चाकाशेजारी मांडायची होती. "लोक फोटो काढतील, आजी." म्हटलं, "तू घाव घाल, तुझा फोटो मी काढते." तो तडक गाडीत जाऊन बसला.

एक लांबची नणंद तर म्हणाली, देव्हाऱ्याशेजारी ठेवून रोज हळदकुंकू वाहीन. अगं, ऐरण आहे ती, सवाष्ण नव्हे!

शेवटी घोटीहून एक लोहारीण आली, नवऱ्याला घेऊन. भातकापणी तोंडावर, विळ्यांचं काम पडलेलं आणि त्यांची ऐरण तडकलेली. घाव घाला म्हणायची वेळच आली नाही. तिनं पदर खोचला, घण उचलला आणि हाणला. अंगण दणाणलं. मग ऐरणीवर हात फिरवून नाक मुरडलं.

"एका अंगाला लय झिजलीय. घण कोण घालत व्हतं? हात वाकडा हाय त्याचा."

"माझाच हात तो," मी म्हटलं. "आणि तुझा किती सरळ पडतो तेही बघू."

नवरा घाबरला. ती मात्र हसली. "बघाया या की मावशी. नेऊ का मग?"

"उचल," म्हटलं.

तुझा बाप अजून फुगलेलाय, घराण्याची ऐरण परक्यांना दिली म्हणून. फुगू दे. त्याच्या दारात तिच्यावर कावळे बसले असते.

तू मात्र आता इतके दिवस लावू नकोस. कापणीच्या आत ये, मला घोटीला घेऊन चल. हात कुणाचा वाकडा, ते त्या बाईला तिच्याच भट्टीत दाखवायचंय. येशील ना? लवकर ये.