जहाजाचा मुक्काम शिरूर

जहाज पाहिल्यावर माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, हे ग्यानोबा सोनकांबळेंना पाठ झालं होतं. शेजारी असो, घरमालक असो की कचेरीतला शिपाई, आधी तोंड उघडं ठेवून बघायचा आणि मग विचारायचा, पाण्यात चालतं का? नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. एवढं लाकूड तासून, डोळे फोडून केलेली वस्तू पाण्यात चालत नसेल तर केली कशाला, हे कुणाला उमजायचं नाही. सुरुवातीला ग्यानोबा समजावून सांगत. मग नुसतं हसत. पुढं हसायचाही कंटाळा आला, तेव्हा ते म्हणू लागले, "चालतं की. आधी पाणी आणा." तिथं बोलणं संपायचं, कारण त्या सालात पाणी कुणाकडंच नव्हतं.

आणि पाणी मागायचंच तर ते ग्यानोबांकडं मागायची रीत होती. उस्मानाबादच्या कलेक्टर कचेरीत ते टंचाईच्या टेबलावर कारकून होते. कुठल्या गावाला टँकर, कुठं बैलगाडीनं पाणी, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, सगळे कागद त्यांच्या हाताखालून जायचे. ठरवणारे वरचे आणि शिव्या खाणारे ग्यानोबा. कचेरी उघडायच्या आधीच सरपंच मंडळी पायरीवर ठाण मांडून असायची. कुणी हात जोडायचं, कुणी वरपर्यंत जायची धमकी द्यायचं, एका बाईनं तर रिकामी घागर त्यांच्या टेबलावर आणून ठेवली आणि निघून गेली. संध्याकाळी खोलीवर येईतो माणूस पिळून काढलेला असायचा.

त्यात जिल्ह्याची वाटणी झालेली. लातूर वेगळं झालं तेव्हा गुलाल उधळला, पेढे वाटले, ग्यानोबांनीही एक खाल्ला. गुलाल धुतल्यावर कळलं की त्यांचं गाव शिरूर अनंतपाळ लातूरकडं गेलंय आणि त्यांची खुर्ची उस्मानाबादकडं राहिलीय. गाव एका जिल्ह्यात, भाकरी दुसऱ्या जिल्ह्यात. कुणाला कुठं जायचंय ते वरून विचारलं होतं, ग्यानोबांनी लातूर सांगितलं होतं. ज्यांचे हात लांब होते ते गेले. ग्यानोबांना 'पुढच्या खेपेला बघू' असं सांगण्यात आलं. ती खेप काही येईना.

शिरूरला बायको सिंधू आणि आई कोंडाबाई. पोरगी जळकोटला दिलेली. कोंडाबाई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. तिला उचलून उन्हात बसवणं, अंग पुसणं, कूस बदलणं आणि एवढ्यापुरतं पाणी घरणी नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरून आणणं, सगळं सिंधूच्या एकटीच्या अंगावर. ग्यानोबा महिन्यातून एकदा यायचे. पिशवी खाली ठेवायच्या आत सिंधू विचारायची, "बदलीचं?" ते म्हणायचे, "चाललंय." पुढं पुढं तिनं तेवढंही विचारायचं सोडलं. नुसती बघायची. त्या बघण्यापेक्षा सरपंचांच्या शिव्या परवडल्या.

महिन्यातून एकदाच का, तर रविवारी पण कचेरी असते, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. काही रविवारी असायचीही. बाकीचे रविवार जहाजाचे होते.

या जहाजाचं मूळ त्यांच्या बापात होतं. छपन्न सालच्या धर्मांतरानंतर बापानं गावकीची कामं सोडली आणि मुंबईला गोदीत हमालीला गेला. एका उन्हाळ्यात त्यानं पोराला नेलं. सकाळी पोरानं धक्क्याला लागलेली मालवाहू आगबोट पाहिली, काळीकुट्ट, पाण्यात खोल बसलेली. बाप आणि त्याची टोळी दिवसभर पोती उतरवत होती. संध्याकाळी पोरगं पुन्हा आलं तर आगबोट चांगली पुरुषभर वर आलेली, खालचं तांबडं पोट उघडं पडलेलं. पोराला वाटलं, ही आपल्या बापानंच उचलली. पुढं शाळेत कारण कळलं, पण कळून काय होतं? मनातून ते तांबडं पोट गेलं नाही.

नोकरी लागल्यावर सोलापूरच्या रद्दीच्या दुकानात त्यांना अशाच आगबोटीचे नकाशे असलेलं जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं आणि तिथून हे वेड लागलं. माप ठरलेलं, सोळा फुटांना एक इंच. चारशे फुटांची आगबोट पंचवीस इंचांत बसवायची. आधी आतल्या फासळ्या उभ्या करायच्या, मग सागाच्या पातळ पट्ट्या त्यावर वाकवून चिकटवायच्या. पट्टी कोरडी वाकवली की कडकन मोडते, म्हणून ती भिजवून वाफेवर धरावी लागते. ग्यानोबा वरणाचं भांडं उकळायला लागलं की झाकण सरकवून वाफेवर पट्टी धरत आणि भिजवलेल्या पाण्यानं नंतर हातपाय धुवत. कठड्याच्या तारेला तोटा नव्हता. विहिरी आटल्या तशा कोरड्या चालून मोटारी जळत होत्या, मोटार भरणाऱ्याच्या दुकानात तांब्याच्या जळक्या तारेचा ढीग पडलेला असायचा. गोल खिडक्यांना बुटाच्या नाडीच्या पितळी कड्या. माल उचलायच्या याऱ्या, त्यांचे मेण लावून ओढलेले दोर, पांगाऱ्याच्या लाकडाच्या होड्या, अंगठ्याएवढं धुराडं. आणि खाली तांबडं पोट. तो तांबडा रंग त्यांनी कितीदा तरी खरवडून पुन्हा लावला, मनासारखा येईना.

कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. एवढं खरं की चिमट्यात तार धरली की कानातलं 'साहेब, पाणी' बंद व्हायचं. दिवसभरात त्यांच्याकडून काही न मागणारी ती एकच गोष्ट होती.

त्या ऑगस्टमध्येही पावसानं तोंड दाखवलं नाही. तशात कुणाच्या तरी डोक्यातून कर्मचाऱ्यांच्या कलागुणांचं प्रदर्शन निघालं. लोकरीचे ससे, शिंपल्यांचे गणपती आणि त्यांच्यामध्ये ग्यानोबांचं जहाज. पाहुणे म्हणून नव्या जिल्ह्यातले एक साहेब आले होते. ते सशांवरून झरझर पुढं आले आणि जहाजापाशी थांबले. बराच वेळ वाकून बघत राहिले. "छान आहे. खूपच छान," म्हणाले. मग विचारलं, "तुम्ही लातूरकडचे का?" ग्यानोबा हो म्हणाले. साहेब पुढं गेले. झालं ते एवढंच.

पण कचेरीत एवढंच कधी नसतं. त्यांचे हेडक्लार्क व्यंकटराव तीस वर्षं साहेबांच्या भुवया वाचत आलेले. त्यांनी ग्यानोबांना बाजूला घेतलं.

"सोनकांबळे, तुम्हाला कळेना का? दोनदा छान म्हणले. वर गाव विचारलं. आता अजून काय बोर्ड लावावा त्यांनी?"

ग्यानोबा म्हणाले, नुसतं कौतुक असेल. व्यंकटरावांनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. साहेब माणूस उगाच कौतुक करत नसतो, त्याला बंगल्यात शोभेची वस्तू हवी असते, आणि वस्तू पोचली की तुमचा कागदही पोचला, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा म्हणावा तर आजवर तसंच चालत आलेलं.

ग्यानोबांची झोप उडाली. जहाज द्यावं तर हातापायातलं बळ काढून दिल्यासारखं, न द्यावं तर तिकडं खाटेवर आई आणि झिऱ्यावर सिंधू. असला विचार करावा लागतो याचीच त्यांना लाज वाटली. तीन आठवडे घोळात घालवून शेवटी त्यांनी फळ्यांचं खोकं केलं, आत कडबा भरला, जहाज ठेवलं आणि यष्टीत मांडीवर घेऊन आधी शिरूरला आले.

सिंधूनं ते जहाज तोवर पाहिलंच नव्हतं. ग्यानोबांनी खोकं उघडलं आणि सगळं सांगितलं, साहेब, व्यंकटराव, बदली. सांगताना ते तिच्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगायचं तर त्यांना आशा होती की ती नको म्हणेल. एवढ्या वर्षांची वस्तू देऊ नका म्हणेल, मग आपण दोनदा 'नाही, दिलंच पाहिजे' म्हणू, आणि शेवटी तिच्या शब्दाखातर ठेवून घेऊ.

सिंधूनं ओले हात लुगड्याला पुसले आणि कठड्याच्या तारेवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्यात माणसं कुठं हायत?"

"माणसं केली नाहीत."

"द्या मंग," ती म्हणाली आणि सासूची कूस बदलायला आत गेली.

सोमवारी ग्यानोबा लातूरला साहेबांच्या बंगल्यावर उभे होते. साहेब टंचाईच्या बैठकीला निघालेले, डोळे तारवटलेले. खोकं उघडलं तसे ते एक पाऊल मागं सरले.

"सोनकांबळे, मी हे मागितलं होतं का?"

"नाही साहेब."

"छान वाटलं म्हणून छान म्हणालो. आता तेवढं म्हणायचीही चोरी झाली." ते चिडले होते, पण चिडायलाही त्यांच्यात फारसा जोर राहिला नव्हता. बदली त्यांच्या हातात नाही, ती औरंगाबादहून ठरते, आणि पुढं रांग मोठी आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. लिहून बघतो, पण भरवसा देत नाही, म्हणाले. गाडीत बसता बसता पुन्हा एकदा जहाजाकडं पाहून त्यांनी विचारलं, "एवढं करायला वेळ कुठून मिळतो तुम्हाला?"

"रविवारी," ग्यानोबा म्हणाले.

खोकं पुन्हा बांधून ते बसस्टँडवर आले. बदली गेली होती, म्हणजे मिळालीच नव्हती. अजून किती वर्षं ते टेबल, त्या घागरी, ती खोली, काही सांगता येत नव्हतं. माणसानं कपाळाला हात लावून बसावं अशी वेळ. आणि ग्यानोबांना आनंद झाला होता. खोकं मांडीवर होतं आणि तो आनंद काही केल्या दाबता येत नव्हता. शिरूरपर्यंत त्यांनी स्वतःला बजावलं की घरी जाऊन तोंड पाडायचं.

सिंधू दारातच होती. तिनं लांबूनच खोकं पाहिलं. ग्यानोबांनी घसा साफ करून सांगितलं की साहेबांनी घेतलं नाही, त्यांच्या हातात काही नाही, नशिबाला कोण काय करणार. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुमचं तोंड कशामुळं उजळलंय?" तिनं विचारलं.

सिंधू आत गेली. कोंडाबाईच्या खाटेसमोरच्या लोखंडी पेटीवरच्या वाकळा तिनं उचलून कोपऱ्यात टाकली आणि पेटी पदरानं पुसली.

"हितं ठिवा."

"इथं कशाला? धूळ बसते, तारा मोडतील. खोलीवर बरं असतं."

"तुमी आईसाठी महिन्यातून येकदा येता. माझ्यासाठी बी त्याच दिवशी. ह्याच्यासाठी दर आयतवारी येताल. म्हून ठिवा हितं."

ती रागानं बोलली असती, रडली असती, तर ग्यानोबांना काहीतरी बोलता आलं असतं. ज्वारीचं पोतं कुठं ठेवायचं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. असं नाही गं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण असंच होतं. त्यांनी जहाज कडब्यातून काढलं आणि पेटीवर ठेवलं. उस्मानाबादला परतताना यष्टीत त्यांचे हात रिकामे होते.

तो आठवडा कसाबसा गेला. संध्याकाळी खोलीत करायला काही नव्हतं. रविवारी पहिल्या गाडीनं ते निघाले, पिशवीत चिमटा, कानस, तारेची गुंडाळी आणि रंगाची डबी घेऊन. लातूरला गाडी बदलली आणि ऊन अजून कोवळं होतं तेव्हा शिरूरच्या घराच्या दारात उभे राहिले. पेटीवर जहाज होतं. सिंधूनं त्याच्यावर धुतलेलं फडकं टाकलं होतं.

कोंडाबाईची नजर मंद झाली होती, पण पायरव तिला ओळखू यायचा. खाटेवरून तिनं हाक दिली, "सिंधू, ग्यानू आला का गं? महिना झाला व्हय इतक्यात?"

ग्यानोबांनी सिंधूकडं पाहिलं. सिंधूनं एकदा त्यांच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं.

"न्हाई आत्या," ती म्हणाली. "तुमाला बघाया आले."

ग्यानोबांनी पिशवी दाराबाहेरच ठेवली, आत येऊन आईच्या पाठीखाली हात घातला, तिला उचललं आणि अंगणात उन्हाला नेऊन बसवलं.